विधिशास्त्र शिकताना या चुका टाळा (निम्म्या मी स्वतः केल्या आहेत)

प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या की माझ्या ऑफिसचा लाकडी जिना वाजायला लागतो. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून चार पावलांवर, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. शनिवारी संध्याकाळी तिथे एलएलबीची पाच-सात मुलं विधिशास्त्र, म्हणजे मुळात कायदा म्हणजे काय हे शिकवणारा विषय, घेऊन बसतात. कुणी सिडकोतून स्कूटीवर येतं, कुणी निफाड-सिन्नरहून एसटीने. फी नाही, चहा माझ्याकडून. अट एकच, गाईड खाली चपलांपाशी ठेवून वर यायचं.

वकिलीला पंचवीसच्या वर वर्षं झाली. पोरं दरवर्षी नवीन असतात, चुका त्याच. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

‘कायदा’ हा शब्द ढिसाळपणे वापरणं

सगळा घोळ इथून सुरू होतो आणि त्यात पोरांचा दोष अर्धाच आहे. मराठीत आपण ‘लॉ’लाही कायदा म्हणतो आणि ‘अ‍ॅक्ट’लाही कायदाच. रोमन लोकांनी ‘इयुस’ आणि ‘लेक्स’ असे दोन शब्द वेगळे ठेवले होते. सरकारी मराठीतही ‘विधी’ आणि ‘अधिनियम’ अशी सोय केलेली आहे, पण नाशिकमध्ये ‘विधी’ म्हटलं की माणसाला त्र्यंबकेश्वरचा नारायण नागबळी आठवतो. त्यामुळे तो शब्द कुणी वापरत नाही.

मग मुलगा छातीठोकपणे विचारतो, “पण मॅडम, कायद्यात असं कुठे लिहिलंय?” त्याच्या डोक्यात कायदा म्हणजे विधिमंडळाने केलेलं, कलमं असलेलं पुस्तक. अशा वेळी मी संविधानाचा अनुच्छेद १३ काढून मोठ्याने वाचायला लावते. त्यातल्या तिसऱ्या खंडात ‘कायदा’ या शब्दात काय काय येतं त्याची यादीच आहे: अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना, आणि कायद्याचं बळ असलेली रूढी किंवा प्रथासुद्धा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा अधिनियम २०१३ साली आला. त्याआधीची सोळा वर्षं, म्हणजे १९९७ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वंच देशभर कायदा म्हणून लागू होती. तुम्ही सगळे अधिनियम चाळले असते तरी ती सापडली नसती.

माझ्याकडे पहिला महिनाभर वहीत ‘कायदा’ शब्द लिहायला बंदी असते. अधिनियम म्हणा, नियम म्हणा, निकाल म्हणा, रूढी म्हणा, पण नेमकं काय ते म्हणा. मुलं कंटाळतात. कंटाळू द्या.

जीआर निघाला म्हणजे झालं

नाही. शासन निर्णय ही सरकारची प्रशासकीय सूचना आहे. अधिनियम आणि नियम जिथे गप्प आहेत तिथली मोकळी जागा ती भरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये संतराम शर्मा खटल्यात हे मान्य केलं आहे. पण अधिनियमाच्या किंवा नियमाच्या विरोधात जाऊन ती उभी राहू शकत नाही. जीआर हातात आला की मी मजकुराआधी वरचं ‘वाचा’, म्हणजे संदर्भांची यादी, बघते. कुठल्या अधिनियमाच्या कुठल्या कलमाखाली काढलाय हे तिथे किंवा प्रस्तावनेत कळतं. काहीच नसेल तर भुवई वर.

‘सकारात्मक कायदा’

हे मी उत्तरपत्रिकेत वाचलेलं आहे. ‘पॉझिटिव्ह लॉ’ मोबाईलला विचारला, मोबाईलने ‘सकारात्मक’ सांगितलं, पोराने लिहिलं. मी विचारलं, “मग नकारात्मक कायदा कुठला रे?” म्हणाला, “दंडसंहिता.” यातलं ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कुणीतरी घालून दिलेला, ठरवून ठेवलेला. तो चांगला आहे की वाईट, हा प्रश्न जॉन ऑस्टिन या इंग्रज विधिशास्त्रज्ञाने मुद्दाम बाजूला काढला होता, आणि ‘सकारात्मक’ लिहिणारा नेमका तोच प्रश्न परत आत घेतो.

जाता जाता: कायदा म्हणजे सार्वभौमाची, म्हणजे सर्वोच्च सत्तेची, आज्ञा हा सिद्धांत मांडणारा जॉन ऑस्टिन वेगळा. त्याची व्याख्यानं १८३२ साली ग्रंथरूपाने आली. विसाव्या शतकात ऑक्सफर्डला भाषेचं तत्त्वज्ञान शिकवणारे जे. एल. ऑस्टिन वेगळे. प्रोजेक्टवर फोटो चिकटवण्याआधी बघत जा.

निकालातलं हाताला लागलेलं वाक्य उचलणं

आता माझ्या आवडत्या चुकीकडे येते. आवडती अशासाठी की तिने मला भर कोर्टात पाणी पाजलंय.

वकिलीतलं पहिलंच वर्ष. मेनरोडवरच्या एका दुकानाचा ताबा मागणारा दावा, जुन्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखालचा. आमचे सर मुंबईला हायकोर्टात गेलेले. जाताना म्हणाले, “तारीख घे फक्त.” पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आदल्या रात्री मी निकाल छापणाऱ्या जर्नलमधून एक वाक्य शोधून काढलं होतं. आमच्या घरमालकाच्या गरजेबद्दल इतकं चपखल की जणू आमच्यासाठीच लिहिलेलं. पुकारा झाला, मी उभी राहिले आणि तारीख मागायच्या ऐवजी निकाल वाचायला सुरुवात केली.

न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “मॅडम, याच्या वरच्या दोन ओळी वाचता का?”

वरच्या दोन ओळींत लिहिलं होतं की अपिलार्थीच्या विद्वान वकिलांनी पुढीलप्रमाणे युक्तिवाद केला. मी वाचलेलं वाक्य त्या वकिलांचं होतं.

“आता खालचा पॅरेग्राफ.”

खालच्या पॅरेग्राफचं पहिलं वाक्य होतं, हा युक्तिवाद आम्हाला मान्य करता येत नाही.

कोर्टात हसण्याचा आवाज झाला असता तर बरं वाटलं असतं. समोरच्या बाजूचे वकील वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी आपल्यासमोरचा पाण्याचा स्टीलचा पेला हळूच माझ्याकडे सरकवला. तारीख मिळाली. संध्याकाळी सरांना सगळं कळलेलंच होतं. ते एवढंच म्हणाले, “पंचवटीत राहतेस ना? वाक्य कुणाच्या तोंडचं आहे ते बघत जा, नाहीतर रावणाचं वाक्य रामाच्या नावावर खपवशील.”

निकालात किती जण बोलत असतात हे नवख्याला कळतच नाही. खालच्या कोर्टाचं म्हणणं, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, जुन्या निकालांतले उतारे, कधी विधी आयोगाचा अहवाल, आणि मग कुठेतरी न्यायालय स्वतः बोलतं. त्यातही खटला मिटवायला जे तत्त्व लागलं तेवढंच बंधनकारक. त्याला आपण रेशो म्हणतो. ओघात आलेली बाकीची मतं म्हणजे ऑबिटर. वरच्या कोर्टाची असली तर मान द्यावा, पण ती रेशो नव्हेत. खटला जेवढं प्रत्यक्ष ठरवतो तेवढ्यापुरताच तो आधार असतो, असं इंग्लंडमध्ये लॉर्ड हॅल्सबरी यांनी १९०१ साली क्विन विरुद्ध लेदम खटल्यात सांगितलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सुधांशु शेखर मिश्र निकालात तेच उचलून धरलं.

आणि हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश! ती न्यायाधीशांनी लिहिलेली नसते, जर्नलच्या संपादकाने लिहिलेली असते. ताटाच्या कडेची चटणी खाऊन जेवण कसं होतं ते सांगू नये.

आता तर अ‍ॅपवर शब्द टाकला की पिवळं केलेलं वाक्य समोर येतं, मुलं स्क्रीनशॉट काढतात आणि झाला त्यांचा अभ्यास. एकाने तर एआयला विचारून निकाल आणला. नाव झकास, वर्ष झकास, पक्षकारही खरे वाटावेत असे. दोघांनी मिळून अर्धा तास शोधलं. असा निकालच नव्हता.

माझी पद्धत जुनाट आहे. निकाल कागदावर छापून घ्यायचा आणि पेन्सिलीने समासात प्रत्येक पॅरेग्राफपाशी अक्षर टाकायचं. वकिलाचं म्हणणं असेल तर ‘व’, खालच्या कोर्टाचं असेल तर ‘ख’, जुना उतारा असेल तर ‘उ’, न्यायालय स्वतः बोलत असेल तर ‘न्या’. मग फक्त ‘न्या’ परत वाचायचे. रेशो सापडला असं वाटलं की ते वाक्य उलटं करून बघते. उलटं केल्यावरही निकाल तोच लागला असता, तर तो रेशो नाही. पहिल्या निकालाला तीन तास लागतात, दहाव्याला पाऊण तास. यापेक्षा जलद रस्ता असेलही, मला माहीत करून घ्यायचा नाही.

केशवानंद भारतीवर (संविधानाच्या मूलभूत चौकटीचा १९७३ चा निकाल) ही पद्धत पहिल्याच महिन्यात लावू नका. तेरा न्यायाधीश, अकरा वेगवेगळी निकालपत्रं, सात विरुद्ध सहा. शेवटी बहुमताचं म्हणणं काय याचा एक वेगळा कागद काढावा लागला आणि त्यावर तेरापैकी नऊ जणांनीच सह्या केल्या. दमून जाल.

‘आमच्यात चालतं’

ही माझी दुसरी आवडती चूक. हिच्यामुळे परीक्षेत मार्क जातात, आणि कोर्टात माणसाचं घर जातं.

मुलं रूढीच्या बाबतीत दोन टोकांना असतात. अर्ध्या जणांना वाटतं, अधिनियम आले आणि रूढी संपली. त्यांना मी विचारते, तुमच्या नात्यात मामाच्या मुलीशी लग्न केलेलं कुणी आहे का? पाचात दोन हात वर होतात. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमात भावाची आणि बहिणीची मुलं एकमेकांना निषिद्ध नात्यात धरली आहेत. मग ही लग्नं वैध कशी? कलम ५ मध्येच पळवाट नव्हे, दार ठेवलेलं आहे: दोघांना लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर चालेल. आपल्याकडच्या कित्येक आत्या-मामांची संसारं त्या एका ओळीवर उभी आहेत. सुरगाणा-पेठकडची मुलं असली की आणखी एक गोष्ट निघते. अनुसूचित जमातींना हा अधिनियम केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय लागूच होत नाही. तिथे रूढी हाच मुख्य झरा.

उरलेल्या अर्ध्यांना वाटतं, चालत आलंय ना, मग तो कायदाच. हे जास्त धोक्याचं.

काही वर्षांपूर्वी निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार आजोबा आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला स्टॅम्पपेपर काढून टेबलावर ठेवला. मुलीची पहिल्या नवऱ्याशी झालेली सोडचिठ्ठी. दोन्हीकडच्या पाच-पाच माणसांच्या सह्या, दोन अंगठे, नोटरीचा गोल शिक्का. त्यानंतर मुलीचं दुसरं लग्न लागलं, बारा वर्षं संसार झाला, नवरा वारला. आणि आता दीर म्हणत होते की पहिलं लग्न मोडलंच नव्हतं. म्हणजे दुसरं लग्नच रद्दबातल, म्हणजे ही विधवाच नाही, म्हणजे सातबाऱ्यावर हिचं नाव लागायचा प्रश्नच नाही.

“वकीलबाई, आमच्यात असंच चालतं,” ते म्हणाले. “नोटरी केलीय की.”

नोटरीने घटस्फोट होत नाही. नोटरी सह्या कुणी केल्या ते सांगतो, लग्न मोडत नाही. पण आजोबा सगळेच चुकत होते असंही नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २९ (२) ने रूढीने मिळालेला घटस्फोटाचा हक्क शाबूत ठेवला आहे. त्यामुळे सोडचिठ्ठी वैध असू शकते, फक्त त्या जातीत अशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. दीर्घकाळ, सातत्याने, एकसारखी पाळलेली. निश्चित. अवाजवी नसलेली आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नसलेली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये यमनाजी जाधव खटल्यात बजावलं आहे की रूढीने झालेला घटस्फोट सांगणाऱ्याने तो दाव्यात स्पष्ट मांडला पाहिजे आणि सिद्धही केला पाहिजे.

आमच्या दाव्यात आधीच्या वकिलाने काय मांडलं होतं? ‘जातीतील रिवाजाप्रमाणे घटस्फोट झाला.’ एवढंच. कुठली रूढी, किती काळ, कुणाकुणाच्या बाबतीत, कोण देतं, कुणासमोर, काही नाही. आणि दाव्यात जे मांडलेलं नाही त्याचा पुरावा देता येत नाही. दुरुस्तीचा अर्ज, त्याला हरकत, त्यावर युक्तिवाद, यात दीड वर्ष गेलं. मग साक्षीदार शोधायचे. ऐंशी वर्षांच्या एका बाईंनी स्वतःची, बहिणीची आणि चुलत जावेची अशा तीन सोडचिठ्ठ्या गावांच्या नावांसकट सांगितल्या. उलटतपासात दीरांच्या वकिलांनी विचारलं, “आजी, हे कशावरून?” आजी म्हणाल्या, “अरे, मीच उठून आले ना!” त्यानंतर समोरच्यांनी तडजोडीची भाषा सुरू केली आणि बाईला जमिनीत वाटा मिळाला. पहिल्या वकिलाने त्या एका ओळीऐवजी एक पान लिहिलं असतं तर किती तारखा वाचल्या असत्या, याचा हिशेब मी आजोबांना कधी सांगितला नाही.

पुस्तकात रूढीची लक्षणं पाच ओळींत असतात आणि मुलं ती पाढ्यासारखी म्हणतात. पाढा कशासाठी आहे हे कळायला हवं असेल तर महाडच्या चवदार तळ्याचा खटला घ्या. अस्पृश्यांना पाण्याला हात लावू न देण्याची पूर्वापार रूढी आहे, असा तिथल्या स्पृश्य फिर्यादींचा दावा होता. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ती अनादी काळापासूनची असल्याचं त्यांनी सिद्ध केलेलं नाही. लोक वर्षानुवर्षं करत आले एवढ्याने भागलं नाही. आपल्या गावात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही बंद दाराच्या आतून ‘असंच चालत आलंय’ हेच ऐकू येत होतं. आज अशी एखादी प्रथा कुणी पुराव्यानिशी सिद्ध केली तरी उपयोग नाही, कारण मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा रद्द ठरवणारा अनुच्छेद १३ आणि अस्पृश्यता संपवणारा अनुच्छेद १७ यांच्या चाळणीतून ती खाली येत नाही. रूढी सिद्ध होणं ही पहिली पायरी, टिकणं ही दुसरी. मुलं पहिल्या पायरीवरच टाळ्या वाजवतात.

लहानसहान, पण रोजच्या

औरंगाबाद किंवा नागपूर खंडपीठाचा निकाल “आपल्याला लागू नाही” म्हणणं. नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतं हे खरं, पण खंडपीठ म्हणजे वेगळं हायकोर्ट नव्हे. तो मुंबई उच्च न्यायालयाचाच निकाल. गुजरातचा असेल तर मात्र फक्त मन वळवायला.

अजून ४२० आणि ३०२ म्हणणं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये, फसवणूक ३१८ मध्ये. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच, म्हणून जुनं पुस्तक रद्दीत घालू नका.

अल्पमताचा निकाल कायदा म्हणून सांगणं. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का, या १९७६ च्या जबलपूर खटल्यात न्या. खन्ना एकटे पडले. चार विरुद्ध एक. नाशिकरोडच्या तुरुंगात बसलेल्या मिसाबंदीला त्या दिवशी त्यांच्या मताचा काडीचा उपयोग नव्हता. तो बहुमताचा निकाल खोडला गेला २०१७ मध्ये, पुट्टस्वामी खटल्यात.

“तत्त्वज्ञान सोडून दिलं तरी चालतं ना?”

हा प्रश्न दर वर्षी, साधारण तिसऱ्या शनिवारी. विचारणारा बहुधा हुशार असतो आणि घाईत असतो.

त्याला मी दोन प्रसंग देते. रविवार कारंजावर रात्री कुणी चाकू दाखवून पाकीट मागितलं, तुम्ही दिलंत. दुसऱ्या दिवशी सिग्नल तोडला म्हणून वाहतूक पोलिसाने पावती फाडली, तुम्ही पैसे भरलेत. दोन्हीकडे हुकूम आहे, दोन्हीकडे न ऐकलं तर वाईट होईल ही धमकी आहे. ऑस्टिनच्या व्याख्येत दोघांना वेगळं काढणारं एवढंच, की एकाच्या मागे सार्वभौम उभा आहे. ऑक्सफर्डचे विधिशास्त्रज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मध्ये इथेच बोट ठेवलं. मराठीत त्यांचा मुद्दा फार सोपा होतो: चाकूवाल्याला पाकीट देणं तुम्हाला *भाग पडलं*, पण दंड भरायला तुम्ही *बांधील होतात*. या दोन क्रियापदांमधलं अंतर धमकीने भरत नाही, नियमाने भरतं. पावती फाडायचा अधिकार पोलिसाला कुणी दिला, त्याला कुणी, असं वर वर जात राहिलात की शेवटी असा एक नियम लागतो ज्यावरून बाकीचे नियम कायदा आहेत की नाही हे ओळखता येतं. जीआरच्या डोक्यावरचं ‘वाचा’ मी बघते तेव्हा मी हेच करत असते.

“मग ऑस्टिन चुकला ना मॅडम?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. सव्वाशे वर्षांनी आलेल्या माणसाच्या खांद्यावर बसून एका ओळीत ‘चुकला’ लिहायचं नाही. आधी त्याने काय सोडवायला घेतलं होतं ते लिहा, मग कुठे अडला ते.

तरीही कुणी कुरकुरलं तर न्यूयॉर्कची १८८९ ची रिग्ज विरुद्ध पामर ही केस वाचायला देते. नातवाने मृत्युपत्र बदलायच्या आत आजोबांना विष घालून मारलं आणि मग मृत्युपत्राप्रमाणे इस्टेट मागितली. तिथल्या अधिनियमात खुनी वारसाबद्दल एक अक्षर नव्हतं. न्यायालयाने तरीही नकार दिला, कारण स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कुणाला घेता येणार नाही. एका न्यायमूर्तींनी विरोधी मत लिहिलं, आणि ते मला प्रत्येक वेळी थोडं पटतं. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात कलम २५ ने हा प्रश्न मिटवून टाकला आहे. पण कलम नसतं तर तुम्ही काय केलं असतं, यावर मागच्या शनिवारी साडेसातला सुरू झालेला वाद पावणेदहापर्यंत चालला. सिन्नरच्या मुलाची शेवटची एसटी चुकली, त्याला माझ्या स्कूटरवरून द्वारका चौकापर्यंत सोडला, आणि तो मागे बसूनही नातवाचीच बाजू मांडत होता.

येत्या शनिवारी तोच निकाल घेऊन बसणार आहोत. छापून आणा, मोबाईलवर नको. पानं एका बाजूला छापा, समास मोठा सोडा, पेन्सिल आपापली.